मधले अकरा फूट

ट्वायला ब्रँडवोल्डने सोमवारी सकाळी दहा वाजता नगरपालिकेला फोन लावला आणि दहा वाजून चार मिनिटांनी तिला वाटलं, उगाच लावला.

काम तसं चार मिनिटांचंच होतं. वाढलेल्या गवताची तक्रार असेल तर चार दाबा, म्हणून तिने चार दाबला. पलीकडून एका बाईने जांभई आवरत विचारलं, "पत्ता?"

"ॲश स्ट्रीट. चारशे बारा आणि चारशे सोळा, या दोन घरांच्या मधली पट्टी. गवत कमरेपर्यंत आलंय. काटेरी झुडपं आहेत त्यात, बी उडून लोकांच्या फुलझाडांत येतं."

"पट्टी कुठल्या घराची?"

'चारशे सोळाची' हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण शेजारच्या एल्डनचं घर आपल्या तोंडाने सांगायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं. "मधलीच आहे," ती म्हणाली. "तुमच्या नकाशात दिसेल की."

"दिसेल. तुमचं नाव सांगायचं नसेल तर नका सांगू."

"नाही सांगायचं," ट्वायला म्हणाली, आणि फोन ठेवून तिने आधीच स्वच्छ असलेला फ्रिज पुसायला घेतला.

एल्डन क्रूगर हा तिचा बावीस वर्षांपासूनचा शेजारी. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नॅडीन गेली. तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी तो ट्वायलाच्या व्हरांड्यात रमी खेळायला येई. येताना स्वतःची घडीची खुर्ची घेऊन येई आणि जाताना परत घेऊन जाई. ती इथेच राहू दे, असं ट्वायला कधी म्हणाली नाही, आणि ठेवू का, असं त्याने कधी विचारलं नाही. ट्वायलाचा नवरा कधीचाच दुसरीकडे संसार थाटून बसला होता, मुलगी डेन्व्हरला होती. दाराची घंटा वाजली तर एल्डन, नाहीतर पार्सलवाला. आठवड्यातल्या सात संध्याकाळींपैकी दोन तिच्या होत्या. उरलेल्या पाच नुसत्या यायच्या आणि जायच्या.

मग त्याच्यावर तक्रार कशाला करायची? तर त्याच्यासाठीच, असं तिने स्वतःला समजावलं होतं. त्या गावात गवत आठ इंचांच्या वर गेलं की घरात काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालत. दारू, घटस्फोट, आजारपण. समोरच्या घरातली लुआन पोस्पिसिल मे महिन्यापासून म्हणत होती, "एल्डनने सोडून दिलंय गं सगळं. ती पट्टी बघ. नॅडीन असती तर?" नॅडीन असताना ती पट्टी नेहमी कापलेली असे. बसून चालवायच्या मोठ्या लाल यंत्रावर, डोक्याला रुमाल बांधून, नॅडीन दर शनिवारी सकाळी तिथून तीन फेऱ्या मारायची. ती गेली आणि गवत वाढत सुटलं.

आता बायको गेलेल्या माणसाला 'तुझं गवत वाढलंय' असं तोंडावर कसं सांगायचं? शर्टाचं बटण तुटलंय असं सांगण्यासारखंच ते. कागदाचं तसं नसतं. नारिंगी कागद दारावर लागतो, त्यावर नियमाचा आकडा असतो, कागदाला तोंड नसतं. एल्डन जरा कुरकुरेल, गवत कापेल, आणि बुधवारी पत्ते पिसताना म्हणेल, कुणीतरी तक्रार केली बघ. त्यावर ती म्हणणार होती, "लोकांना काही उद्योग नसतात." हे वाक्य तिने दोनदा म्हणूनही बघितलं होतं.

बुधवारी दुपारी ती किराणा घेऊन आली तेव्हा नारिंगी कागद तिच्याच दारावर होता.

आधी तिला वाटलं, माणूस दार चुकला. मग तिने वाचलं. चारशे बारा, ॲश स्ट्रीट. मालक: टी. ब्रँडवोल्ड. गवत व तण आठ इंचांपेक्षा अधिक, घराच्या पश्चिमेकडील पट्टी. दहा दिवसांत कापावे. न कापल्यास नगरपालिका माणसं लावून कापेल व खर्च घरपट्टीत लावेल. पिशवीतली अंडी तशीच पायरीवर ठेवून तिने नगरपालिकेला फोन लावला. या वेळी मात्र तिने नाव सांगितलं.

तासाभरात नगरपालिकेचा तपासनीस पेट्राक आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, खिशात कायम घडीची मोजपट्टी. गावात त्याला मागून सगळे 'आठ इंच' म्हणत आणि ते त्याला माहीत होतं.

"चूक झालीय तुमची," ट्वायला म्हणाली. "माझी हद्द त्या दगडांपाशी संपते. दगडांपर्यंत मी कापते, बघा. हे पलीकडचं माझं नाही."

"दगड कोणी लावले?"

"मीच लावले. फुलझाडांना कड म्हणून."

"मग ती तुमच्या फुलझाडांची हद्द झाली, बाई. जागेची नाही." त्याने गाडीतून नकाशा आणला, धातू शोधायचं यंत्र आणलं, आणि कमरेएवढ्या गवतात शिरून ते यंत्र हलवत हलवत पार एल्डनच्या लायलॅकच्या झुडपापर्यंत गेला. तिथे ते कुईं करायला लागलं. पेट्राकने गुडघे टेकून माती उकरली आणि गंजकी लोखंडी खुंटी दाखवली. "ही तुमची हद्द. अकरा फूट अलीकडचं सगळं तुमचं. घर बांधलं तेव्हापासून."

आवाज ऐकून एल्डन बाहेर आला होता. सत्तरीचा, उंच, वाकून चालणारा. त्याने खुंटी बघितली, कागद वाचला, आणि चष्मा कपाळावर सारला.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "ही तुझीच पट्टी आहे. मला वाटलं तुला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार? नॅडीन कापायची ती."

"कापायची ना. तुझं यंत्र ढकलायचं, छोटं. नॅडीन म्हणायची, त्या पोरीला एवढं वळवून वळवून घाम फुटतो, माझ्या तीन फेऱ्यांत होतंय. लेक लहान होती तुझी, आणि नवरा नुकताच गेला होता सोडून."

ट्वायलाने त्या गंजक्या खुंटीकडे बघितलं. वीस वर्षं. वीस वर्षं दर शनिवारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉफी पीत नॅडीनला स्वतःचं गवत कापताना बघत होती, असं तिला वाटत होतं. एकदा तर वैतागलीही होती, सकाळी साडेआठला कसला हा आवाज म्हणून.

"मग ती गेल्यावर तू का नाही..." ती म्हणाली आणि थांबली.

"तुझ्या जागेत न विचारता यंत्र घालायचं? ती घालायची, तिचं वेगळं होतं. मला वाटलं तुला तसंच हवंय. हल्ली लोक ठेवतात ना, फुलपाखरांसाठी." मग तो पेट्राककडे वळला. "तक्रार कोणी केली?"

"ते सांगता येत नाही," पेट्राक म्हणाला. "आणि मलाही माहीत नाही. नाव दिलं नव्हतं."

"एकट्या बाईवर बिननावाची तक्रार," एल्डन म्हणाला. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. बावीस वर्षांत ट्वायलाने त्याला एवढं चिडलेलं बघितलं नव्हतं. "हात नको लावूस त्या गवताला. दाद मागू आपण. मंगळवारी समिती बसते."

त्या संध्याकाळी तो पत्ते खेळायला आला आणि पानं वाटायचीच विसरला.

"मी पुढच्या-मागच्या दोन्ही रस्त्यांवरची घरं मोजली," तो म्हणाला. "खिडकीतून ती पट्टी दिसते अशी पाचच आहेत. पाचांपैकी एक जण रोज तुला हात हलवून 'बरी आहेस का' विचारतो आणि आत जाऊन फोन करतो. एवढं तोंडावर सांगायला काय होतं?"

"अवघड वाटलं असेल," ट्वायला म्हणाली.

"कोणाला?"

"जो कोणी असेल त्याला. वाट, पत्ते वाट."

"अवघड," एल्डन म्हणाला. "मी असल्या माणसाबरोबर एका टेबलावर नाही बसणार. वाटू का?"

आता सांगायचं, असं तिने तीन वेळा ठरवलं. पहिल्यांदा त्याने पानं उचलली होती. दुसऱ्यांदा त्याला खोकला आला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "नॅडीन असती तर एव्हाना शोधून काढलं असतं तिने," आणि ट्वायलाने राणी टाकायच्या जागी राजा टाकला. ती हरली. एल्डनला वाटलं, बिचारी धक्क्यात आहे.

झोप उडाली, भूक गेली असं काही झालं नाही; उलट तिने चार दिवसांत दोनदा रुबार्बचा केक केला आणि उभ्याउभ्या खाल्ला. बसणं तेवढं जमेना. टीव्ही लावायचा आणि कपाटं आवरायची. आवरलेली कपाटं उघडून बघायची. अंगणात जायचं, त्या गवतापाशी उभं राहायचं. काटेरी झुडपांना जांभळे गोंडे यायला लागले होते, बी धरायला आठवडा होता. हे सगळं आपलं आहे, हे तिला अजून पटत नव्हतं. परक्याचं समजून बघितलेलं तण आणि आपलं तण, तेच असून किती वेगळं दिसतं.

लुआनने अर्ज परस्पर भरून आणला. "सही कर. मी येणार आहे मंगळवारी, गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन."

"कशाला, लुआन. कापून टाकते मी."

"का म्हणून? आज गवत, उद्या तुझ्या पडद्यांचा रंग. कर सही." ट्वायलाने केली. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. लुआन खुर्ची ओढून जवळ आली आणि तिने आवाज खाली आणला. "आणि कोणी केलं ते कळलंय आम्हाला."

ट्वायलाच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"डोळ्यांसमोर तर आहे. ती पट्टी कोणाच्या बेडरूमच्या खिडकीखाली आहे? हद्द कोणाला पक्की माहीत होती? खुंटी निघाली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही?"

"एल्डन?" ट्वायला म्हणाली. "वेडी आहेस का?"

"तू भोळी आहेस. बायको गेल्यापासून तो माणूस बदललाय. वर पुन्हा तुझी बाजू घेऊन आरडाओरडा. लोक असंच करतात."

"त्याने नाही केलेलं."

"तुला काय माहीत?"

हाच तो क्षण होता. ट्वायलाने तोंड उघडलंही. पण लुआनला सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगणं, आणि मग एल्डनला ते कुणाच्या तरी तोंडून कळणार. आधी एल्डनला सांगू, मग बाकीच्यांना, असं म्हणून तिने तोंड मिटलं. शनिवारी एल्डन आला, खेळला, जिंकला, गेला. तिने सांगितलं नाही.

रविवारी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी होती. एल्डन नेहमीच्या लांब टेबलाशी कप घेऊन बसला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कोणी वाईट बोललं नाही. त्या गावात कोणी तसं बोलत नाही. येणारा प्रत्येक जण त्याला मान हलवून 'छान ऊन पडलंय' म्हणत होता आणि पुढच्या टेबलाशी जाऊन बसत होता. पाचव्या माणसानंतर एल्डनने इकडेतिकडे बघितलं आणि मग कपात बघत राहिला. ट्वायला जाऊन त्याच्याशेजारी बसली. मागून लुआन कोणाला तरी म्हणाली, "बघ, किती मोठं मन."

"आज सगळ्यांना घाई आहे," एल्डन म्हणाला.

"हो," ट्वायला म्हणाली.

मंगळवारी एल्डन तिला न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, ओले करून बसवलेले केस. त्याच्या जुन्या पिकअप गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "एल्डन, मला तुला एक सांगायचंय."

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "मी लिहून आणलंय सगळं. तुला बोलावं लागणार नाही." आणि खिशावर थोपटलं. नगरपालिका चार मिनिटांवर होती. चार मिनिटांत किती काय करून बसता येतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, पण नेमकं आता तिला एक वाक्य जुळेना.

समिती म्हणजे लांब टेबलामागे बसलेली तीन माणसं. मधल्या अध्यक्षबाई औषधांच्या दुकानाच्या मालकीण. त्यांना कोणाला कसली गोळी चालू आहे ते ठाऊक, त्यामुळे सगळे त्यांच्याशी जपून वागत. गल्लीतली नऊ माणसं आली होती. एल्डन उठला आणि त्याने कागद वाचला. जागेची मालकीण अनेक वर्षं गैरसमजात होती, तिला आणखी एक महिना मिळावा, असं साधं, सरळ लिहिलं होतं.

मग लुआन उठली.

"गवताचं सोडा," ती म्हणाली. "आमचं म्हणणं आहे की तक्रार कोणी केली ते समोर यावं. शेजारी राहायचं, तिच्याकडचं खायचं-प्यायचं आणि मागून फोन करायचा. माणूस एकटा राहून कडू होतो, मला कळतं. पण मग इथे येऊन तिच्यासाठी कागद वाचायचं नाटक तरी करू नये."

एल्डन अजून उभाच होता. त्याला कळायला थोडा वेळ लागला. तिच्याकडचं खायचं-प्यायचं. तळघरातल्या रिकाम्या खुर्च्या. ट्वायलाने लाली त्याच्या मानेवर चढताना बघितली, कॉलरपासून वर कानांपर्यंत. मी नाही, एवढंसुद्धा तो म्हणाला नाही. कागदाची घडी घालायला लागला, एक, दोन, तीन.

"तक्रारदाराचं नाव गुप्त असतं, मिसेस पोस्पिसिल," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मी सांगते," ट्वायला म्हणाली. ती उभी कधी राहिली ते तिला कळलं नाही. "मी केला फोन. सोमवारी, दहा वाजता. चार दाबून."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही स्वतःच्याच गवतावर तक्रार केलीत?"

मागे कोणीतरी हसलं.

"मला ते एल्डनचं वाटलं," ट्वायला म्हणाली. "त्याला तोंडावर सांगायला मला लाज वाटली, म्हणून मी कागद पाठवायला निघाले होते. त्याने काही केलेलं नाही. तो लपवतोय असं तुम्हाला वाटलं, ते मी लपवत होते. रविवारी तुम्ही सगळे त्याच्यापासून लांब बसलात, ते मी बघितलं आणि तरी गप्प राहिले. त्याचा दोष मला द्या."

आता कोणी हसत नव्हतं. लुआन खाली बसली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

अध्यक्षबाई खाकरल्या. "मग गवत वाढलंय, हे तुम्हाला मान्य आहे?"

"कमरेपर्यंत वाढलंय."

"तर मग अर्ज नामंजूर. शनिवार शेवटचा. पुढचा विषय."

बाहेर सात वाजून गेले तरी ऊन होतं. ट्वायला पायऱ्या उतरली आणि पिकअपकडे न बघता घराच्या दिशेने चालायला लागली. अडीच मैल. चांगले बूट घातलेले, ते चावत होते. दोन चौक गेल्यावर मागून गाडी आली आणि तिच्या चालीने शेजारून सरकायला लागली. खिडकी उघडी होती.

"बस," एल्डन म्हणाला.

"चालते मी."

"लोक बघतायत. बस."

ती बसली. धान्याची कोठारं गेली, शाळा गेली. तो पुढे बघून चालवत होता. माफीची तिने मनात चार वाक्यं केली आणि चारही मोडली. शेवटी म्हणाली, "चुकलं माझं."

"हं."

पुन्हा एक मैल. ॲश स्ट्रीटच्या वळणावर तो म्हणाला, "तोंडावर सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. एक दिवस." त्याने गाडी तिच्या घरासमोर उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. "नॅडीननेही तेच केलं म्हणा. वीस वर्षं कापलं आणि एका शब्दाने बोलली नाही. मी म्हणायचो, अगं सांग तिला. तर म्हणायची, कशाला, तिला ओशाळल्यासारखं होईल. तुम्ही दोघी सारख्याच." जरा थांबून तो म्हणाला, "सारख्या नाही. तिचं बरं होतं, तुझं वाईट."

"हो," ट्वायला म्हणाली.

"तुझ्या यंत्राने ते कापलं जाणार नाही. दांडे जाड झालेत."

"माहीत आहे."

तो वाट बघत होता. आधी तिला कळलंच नाही कशाची. मग कळलं, आणि तिचे कान तापले. साठ वर्षांच्या आयुष्यात तिने कोणाला असं सरळ काही मागितलं नव्हतं. नवऱ्याला थांब म्हणून नाही, लेकीला ये म्हणून नाही. दाराच्या मुठीवर तिचा हात होता.

"एल्डन, माझं गवत कापून देशील का?"

"नाही," तो म्हणाला. "या घटकेला नाही. मी चिडलोय तुझ्यावर."

तिने मान हलवली.

"उद्या पत्ते खेळायलाही येणार नाही."

"बरं."

"शनिवार शेवटचा म्हणाली ना ती?"

"शनिवार."

एल्डनने समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघितलं, बराच वेळ, कोणी येतंय का बघावं तसं. कोणी येत नव्हतं.

"मग शुक्रवारपर्यंत चिडतो," तो म्हणाला. "उतर आता. मला जेवायचंय."